एका पायाचा निबंध

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच लिहून द्यायला तयार आहे. आजवर ही गोष्ट मी सतरा जणांना सांगितली. सोळा जण अर्ध्यातून उठून गेले, आणि सतरावा शेवटपर्यंत बसला तो त्याची चप्पल सापडत नव्हती म्हणून. पण घडलं ते घडलं. एका शाळेतल्या एकेचाळीस मुलांच्या वडिलांचा एकेक पाय एकाच दिवशी, इंग्रजीच्या एकाच तासाला गेला, आणि रक्ताचा एक थेंबसुद्धा सांडला नाही.

"झालं सुरू," शेजारचे कंपाउंडर म्हणाले. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज संध्याकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येतात, स्वतःचा पेपर घडी न मोडता घरी ठेवून.

विषय काढला होता नातीनं. तिला शाळेतून 'माय ग्रँडफादर' या विषयावर दहा ओळी आणायला सांगितल्या होत्या आणि ती वही उघडून माझ्यासमोर बसली होती. म्हटलं, दहा ओळी नंतर, आधी एका निबंधाची गोष्ट ऐक. आमची ही खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसून मटार सोलत होती. माझ्या गोष्टींना तिनं मान वर केल्याचं मला आठवत नाही.

"आणि पुरावा हवा असेल तर बाहेर बघा," मी कंपाउंडरांना म्हणालो. "कपड्यांच्या दोरीला टेकू दिलाय तो कशाचा आहे?"

कंपाउंडरांनी मान लांब केली. "कुबडी दिसतेय."

"त्याच प्रकरणातली."

"मग ती तुमच्याकडे कशी आली?"

"तेच तर सांगतोय. मधे बोलू नका."

तर त्या शाळेत एक मास्तर होता. तसा चित्रकलेचा. आंबा, घडा आणि उगवता सूर्य या तीन गोष्टींवर त्याचा हात चांगला बसला होता. नेमणूक मात्र एकाच वर्षाची, आणि कागदावर शेरा होता, 'काम पाहून कायम करण्यात येईल'. वर्ष संपायला आलं होतं. घरी म्हातारे वडील, नवी बायको. त्या शेऱ्यावर सगळं घर टांगलेलं. अशात इंग्रजीचे शिक्षक दुसरीकडे निघून गेले. त्यांचा तास कुणी घ्यायचा हे ठरवायला हेडमास्तरांनी बैठक बोलावली. मास्तर बैठकीला पाच मिनिटं उशिरा पोचला. तेवढ्यात ठरलं होतं.

"सर, माझं इंग्रजी..." मास्तर चाचरत म्हणाला.

"पाचवीचा वर्ग आहे हो," हेडमास्तर म्हणाले. "त्यांचं तरी कुठं आहे?"

मास्तर स्वतः इंग्रजीत छत्तीस मार्कांनी पास झाला होता. त्यातले दहा होते एका निबंधाचे. 'माय फादर'. त्याच्या लहानपणीच्या गुरुजींनी हा निबंध फळ्यावर लिहून दिला होता आणि वर्गाकडून तो इतका घोटून घेतला होता, की मास्तरला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आला असता. इंग्रजीची त्याच्याकडे तेवढीच पुंजी होती. आणि आता खरी अडचण ऐका. त्या गुरुजींच्या वडिलांना खरोखरच एक पाय नव्हता. गुरुजींनी आपल्या वडिलांवर मनापासून लिहिलं होतं. त्यांच्या घरचा तो पाय मुलं परीक्षेत लिहीत राहिली.

पहिल्या तासाला मास्तरनं फळा स्वच्छ पुसला, वळणदार अक्षरात शीर्षक लिहिलं आणि पहिलं वाक्य सुरू केलं: 'माय फादर इज अ...' इथे त्याचा खडू थांबला.

मास्तरचे वडील वेताच्या खुर्च्या विणत. खांद्यावर वेताची भेंडोळी, हातात बादली, बादलीत भिजत घातलेल्या पट्ट्या. दारोदार फिरायचे, बसकण फाटलेली खुर्ची दिसली की तिथेच जमिनीवर फतकल मारायची आणि संध्याकाळपर्यंत नवी जाळी ताणून द्यायची. आता या धंद्याला इंग्रजीत काय म्हणतात? मास्तरला माहीत नव्हतं. कुणाला तरी विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर 'का हो?' असं कुणीतरी उलट विचारलं असतं. शिक्षकांच्या खोलीत त्यानं सांगून ठेवलं होतं, की वडील फर्निचरमध्ये आहेत. कवायतीचे सर तर तेव्हापासून एका कपाटासाठी त्याच्या मागे लागले होते.

मास्तरनं अर्धं वाक्य पुसलं आणि गुरुजींचा निबंध जसाच्या तसा उतरवला. माय फादर हॅज ओन्ली वन लेग. ही लॉस्ट द अदर इन अ मशीन. ही इज पुअर बट ऑनेस्ट. ही नेव्हर क्राइज. आय लव्ह माय फादर. म्हणजे माझ्या वडिलांना एकच पाय आहे, दुसरा यंत्रात गेला, ते गरीब आहेत पण प्रामाणिक आहेत, ते कधी रडत नाहीत, माझं त्यांच्यावर प्रेम आहे.

"हे सगळ्यांनी वहीत उतरवा," मास्तर म्हणाला. "एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर मार्क कापीन."

असं त्यानं का सांगितलं? तर वह्या तपासायची त्याची एकच रीत होती. आपल्या कागदाला वही लावायची आणि अक्षराला अक्षर जुळवायचं. जुळलं की बरोबर. कुणी स्वतःच्या मनानं काही लिहिलं असतं तर ते बरोबर की चूक, हे त्याला देवानं येऊन सांगावं लागलं असतं.

पहिल्या बाकावर पोस्टमास्तरांची मुलगी बसायची. दोन वेण्या, आणि प्रश्न विचारायची खोड. तिनं हात वर केला.

"सर, पण माझ्या बाबांना दोन पाय आहेत."

"घरी किती आहेत ते घरी," मास्तर म्हणाला. "परीक्षेत एकच."

वर्गात एक मुलगी अशी होती की तिला वडीलच नव्हते. तिनं मात्र काही विचारलं नाही. फळ्यावरून मुकाट्यानं निबंध उतरवला आणि खाली छान रेघ मारली. तिला वहीत का होईना, एका पायाचे वडील मिळाले.

मुलांनी घरी जाऊन निबंध म्हणून दाखवला आणि घराघरांत कौतुकाला ऊत आला. बेकरीवाल्यानं तर आपल्या लेकाला दुकानाच्या फळीवर उभं केलं, गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं आणि सगळी आळी गोळा केली. पोरगा छाती काढून, आपल्या बापाचा पाय गेल्याचं खणखणीत आवाजात सांगत होता आणि बाप दोन्ही पायांवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. "बघा, माझ्यावर निबंध लिहिलाय!" तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. "काय लिहिलंय रे?" कुणी विचारलं तर म्हणे, "चांगलंच असणार. शेवटी 'लव्ह' आहे."

"काहीतरीच!" कंपाउंडर म्हणाले. "एवढ्या आळीत कुणालाच 'लेग' कळला नाही?"

खुर्चीतून आवाज आला. "हे खरं आहे." मान खालीच.

मी खुशीत आलो. आमची ही माझ्या बाजूनं बोलली असा तो पहिलाच प्रसंग असावा.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. वर्षाच्या शेवटी जिल्ह्याच्या कचेरीनं पाचवीच्या इंग्रजीच्या वह्या मागवल्या. हेडमास्तरांनी न उघडता प्रत्येक वहीवर 'पाहिले, उत्तम' असं लिहून सही ठोकली आणि गठ्ठा पाठवून दिला. कचेरीत नुकत्याच एक मोठ्या बाई बदलून आल्या होत्या. लांबच्या. आपली भाषा त्यांना बोलता येत नव्हती, वाचताही येत नव्हती. म्हणून सगळ्या शाळांच्या सगळ्या गठ्ठ्यांतून त्यांनी नेमका इंग्रजीचा हातात घेतला.

पहिली वही त्यांनी दोनदा वाचली. तिसरीला त्यांनी चहा बाजूला सारला. सातव्या वहीला चष्मा काढून डोळे पुसले आणि विसाव्या वहीला घंटी वाजवून कारकुनाला बोलावलं. "त्या भागात असं कुठलं यंत्र आहे?" त्यांनी विचारलं.

कारकून बिचारा सरळ माणूस. त्या भागात मोठं म्हणावं असं यंत्र एकच, लाकूड कापायच्या गिरणीतली करवत. त्यानं तसं सांगितलं.

चौथ्या दिवशी गिरणीचा मालक हेडमास्तरांच्या खोलीत घुसला. हातात नोटीस, चेहरा लालबुंद.

"माझ्या गिरणीत आजपर्यंत कुणाचं नख तुटलेलं नाही! आणि हे म्हणतात एकेचाळीस पाय!"

"आधी बसा तर खरं," हेडमास्तर म्हणाले.

"बसू कसा? पाय गेलेल्यांची यादी जोडलीय त्यांनी. वाचा. पहिलं नाव वाचा!"

हेडमास्तरांनी वाचलं. पहिलं नाव गिरणीच्या मालकाचंच होतं. त्याचा मुलगा पाचवीत होता, आणि हजेरीत पहिला.

त्याच टपालानं शाळेलाही पत्र आलं होतं. मोठ्या बाई येत्या शुक्रवारी जातीनं येणार होत्या. एका दवाखान्याच्या मदतीनं त्यांनी कुबड्यांच्या एकेचाळीस जोड्या मिळवल्या होत्या. प्रत्येक मुलाच्या वडिलांना त्या स्वतः भेटणार होत्या. आणि शेवटी एक ओळ अशी होती: ज्या शिक्षकानं मुलांना दुःख इतक्या धीरानं मांडायला शिकवलं, त्यांच्या कायम नेमणुकीच्या कागदावर त्या तिथेच सही करणार होत्या.

मास्तरनं पत्र वाचलं आणि त्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. त्यानं सगळं कबूल करून टाकलं, म्हणजे जवळजवळ सगळं. निबंध कुठून आला ते सांगितलं. पहिल्या वाक्यात खडू का थांबला ते नाही सांगितलं.

"खरं सांगून टाकू या सर," तो म्हणाला.

"खरं?" हेडमास्तर म्हणाले. "एकेचाळीस वह्यांवर माझी सही आहे. 'उत्तम' लिहिलंय मी! आता एकच करता येईल. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

म्हणून पालकांची सभा भरली. हेडमास्तरांनी परिस्थिती समजावून सांगितली. मग बेकरीवाला उठला.

"म्हणजे आमचा पोरगा फळीवर उभा राहून हे सांगत होता?"

"हो."

"सगळ्या आळीसमोर?"

"हो."

"आणि मी टाळ्या वाजवल्या?" तो खाली बसला.

"कुठला पाय?" शिंप्यानं विचारलं. "डावा का उजवा? निबंधात काय आहे?"

"निबंधात नुसता पाय आहे," मास्तर म्हणाला.

"मग माझा डावा घ्या. उजवा मशीनला लागतो."

"सगळ्यांचा एकच ठेवा, नाहीतर गोंधळ होईल," पोस्टमास्तर म्हणाले. त्यांना सगळं एका शिक्क्यात लागायचं.

यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी ज्याला जो सोयीचा तो, असं ठरलं. वडील नसलेल्या मुलीसाठी तिचा मामा बसणार होता. सगळ्यांनी खुर्चीवर एक पाय मागे दुमडून बसायचं, मांडीवर चादर घ्यायची. पण खुर्च्या? शाळेच्या माळ्यावर वेताच्या खुर्च्या होत्या भरपूर, फक्त निम्म्यांच्या बसकणी फाटून खाली लोंबत होत्या.

"एक म्हातारा विणून देतो," हेडमास्तर म्हणाले. "बोलावून घेतो त्याला."

मास्तर फाटक्या खुर्च्यांचा आकडा वहीत लिहायला लागला.

मंगळवारी सकाळी म्हातारा शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसला. बादली, भेंडोळी, हातोडी, लाकडी खुंट्या. पोरगा याच शाळेत मास्तर आहे म्हणून त्या दिवशी मुद्दाम धुतलेला सदरा घालून आला होता. घंटा झाली. वर्गातून मास्तर बाहेर पडला, बरोबर कवायतीचे सर. म्हाताऱ्यानं मान वर केली, तोंड उघडलं. मास्तर घाईत होता, त्याचं लक्षच नव्हतं, त्यामुळे तो...

खुर्चीत मटार सोलायचे थांबले. आमची ही खाकरली.

बरं. घाईत नव्हता. त्यानं बघितलं होतं. चांगलं डोळ्याला डोळा भिडवून बघितलं, आणि मग भिंतीवरच्या वेळापत्रकात काहीतरी फार महत्त्वाचं असावं तसा तिकडे वळला. वेळापत्रक त्यानंच रंगवलेलं होतं. म्हाताऱ्यानं उघडलेलं तोंड मिटलं आणि तो पुन्हा जाळी ताणायला लागला.

दुपारी मास्तरची बायको दोन डबे घेऊन आली.

"मामंजी, हे कुठं आहेत? बोलवा ना, दोघं बरोबरच जेवा."

"ते कामात आहेत," म्हातारा हळूच म्हणाला. "आणि हे बघ सूनबाई, इथं त्यांना हाक मारू नकोस."

ती पोर शहाणी होती. तिनं एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, एकदा बंद वर्गाकडे, आणि दोन्ही डबे म्हाताऱ्यापुढे उघडून ठेवले. मास्तर त्या दिवशी उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यानं बायकोला विचारलंसुद्धा नाही.

तीन दिवस म्हातारा विणत होता आणि खिडकीच्या आत एकेचाळीस पोरं तो निबंध घोकत होती. गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यानं पोस्टमास्तरांच्या मुलीला जवळ बोलावलं.

"पोरी, तुम्ही हे सारखं काय म्हणता गं?"

"आमच्या सरांनी लिहिलंय," ती म्हणाली. "त्यांच्या बाबांवर. त्यांच्या बाबांना एकच पाय आहे."

म्हाताऱ्यानं पट्टी खाली ठेवली. समोर पसरलेल्या आपल्या दोन्ही पायांकडे जरा वेळ बघितलं.

"हो का?" तो म्हणाला. "बिचारा."

"हे तुम्हाला कसं कळलं?" कंपाउंडरांनी मला अडवलं. "तुम्ही होतात का तिथं?"

"त्या मुलीनंच पुढं सांगितलं. पोस्टमास्तरांची मुलगी, तिच्या पोटात काही राहायचं नाही."

"हे खरं आहे," खुर्चीतून आवाज आला.

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाई आल्या. पांढरे केस, साधी साडी, आणि डोळ्यांत आधीपासूनच पाणी. सभागृहात मामा धरून एकेचाळीस बाप नव्या जाळीच्या खुर्च्यांवर एकेक पाय दुमडून बसले होते. कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता, पण हेडमास्तरांचं स्वागताचं भाषणच चाळीस मिनिटं चाललं. पायांना मुंग्या आल्या. शिंपी ओठ चावत होता. बेकरीवाल्याच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि बाईंना वाटत होतं हे सगळं दुःख आहे.

मग मुलांनी एका सुरात निबंध म्हटला. 'ही नेव्हर क्राइज' आलं आणि गिरणीच्या मालकाच्या पायात पेटका आला. तो ढसढसा रडायलाच लागला. बाई उठून त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

कुबड्या वाटायला सुरुवात झाली. एकेक बाप उठायचा, लंगडत पुढं जायचा, जोडी घेऊन परत यायचा. शिंपी गेला तेव्हा डावा पाय नव्हता; परत येताना उजवा नव्हता. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. पण बाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या मास्तरकडे बघत होत्या. सगळं बोलणं इंग्रजीतून झालं, मी आपल्या भाषेत सांगतो.

"मुलांनी हे इतकं खरं लिहिलंय," त्या म्हणाल्या, "की शिकवणाऱ्यानं ते भोगलेलं असलं पाहिजे. तुमचे वडील?"

मास्तरला त्यातला एकच शब्द धड कळला. फादर.

"येस मॅडम," तो म्हणाला.

"त्यांनाही एकच पाय?"

"वन लेग, मॅडम."

"मग ते इथं का नाहीत?"

आता आली का पंचाईत? निबंधाच्या बाहेरचं इंग्रजी मास्तरकडे नव्हतंच. त्यानं हेडमास्तरांकडे बघितलं, हेडमास्तरांनी छताकडे. एकेचाळीस बाप आपापले पाय विसरून मास्तरच्या तोंडाकडे बघत होते. मास्तरनं मान हलवली, नाही अशी. ते नाहीत, येऊ शकत नाहीत, असलंच काहीतरी.

दाराशी म्हातारा उभा होता. शेवटची एक खुर्ची उरली होती, बाईंच्या शेजारची, ती विणून घेऊन आला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पण 'फादर' त्यानं तीन दिवस खिडकीतून ऐकला होता, 'वन लेग'ही ऐकला होता, आणि आपल्या मुलाचा पडलेला चेहरा वाचायला त्याला कुठली भाषा लागत नव्हती.

त्यानं खुर्ची खाली ठेवली. डावा पाय गुडघ्यात मागे दुमडला, खुर्चीच्या पाठीला धरलं, आणि सगळ्या सभागृहातून एका पायावर उड्या मारत, खुर्ची पुढं सरकवत, तो बाईंच्या समोर येऊन उभा राहिला. धुतलेला सदरा, हाताला वेताचे ओरखडे. सत्तरीतला माणूस. तोल जात होता, तरी पाय टेकवला नाही.

"मी याचा बाप," तो म्हणाला.

बाईंना शब्द कळला नसेल, पण अर्थ कळला. त्यांनी हात जोडले. कुबड्यांच्या एकेचाळीसच जोड्या आणल्या होत्या, म्हणून त्यांनी त्याची दहादा माफी मागितली. आठवड्यानं बेचाळिसावी जोडी पार्सलनं घरपोच आली. मास्तरच्या कागदावर तिथेच, त्या नव्या विणलेल्या खुर्चीत बसून त्यांनी सही केली. आणि कवायतीचे सर हळूच हेडमास्तरांच्या कानाशी लागले, "म्हणजे फर्निचरमध्ये ते असे?"

"एक मिनिट," कंपाउंडर म्हणाले. "एवढी शिकलेली बाई, आणि तिला एकाचाही संशय आला नाही? मला नाही पटत."

"हे खरं आहे," खुर्चीतून आवाज आला.

नातीनं वहीवर पेन्सिल टेकवली होती, पण लिहिलं काहीच नव्हतं. "मग?" ती म्हणाली. "मास्तरचे बाबा त्यांना रागावले?"

"छे गं! रागावतात कसले? सगळे पांगल्यावर मास्तर, त्याची बायको आणि म्हातारा असे तिघं घरी निघाले. मास्तरची मान खाली. पण शाळेचं फाटक ओलांडल्याबरोबर म्हाताऱ्यानं धाडकन दोन्ही पाय जमिनीवर आपटले आणि हसायला जो लागला! दिव्याच्या खांबाला धरून हसला. मास्तरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, 'अरे वेड्या, पाय मागायचाच होता तर घरी मागायचास!' मग मास्तरलाही हसू फुटलं, आणि बाप-लेक दोघं गळ्यात गळे घालून, सगळ्या रस्त्यानं हसत हसत..."

वेताच्या खुर्चीची जाळी करकरली. मटारांचं ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. आमच्या हिनं मान वर केली होती आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"हे खोटं," ती म्हणाली. "मामंजी हसले नव्हते. फाटकाबाहेर कुणीतरी बघेल म्हणून घर येईपर्यंत एका पायावरच चालत आले. माझ्या खांद्याला धरून."